फोर्ज्ड पिस्टन घातले म्हणजे इंजिन कंपनीपेक्षा टिकाऊ होतं का?

कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या एका तरुणाने विचारलंय. गाडी २०१५ ची ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय, लाखाच्या पुढे पळालेली. रोज कोल्हापूर-कागल, महिन्यातून एखाद-दोनदा पुणे आणि सुट्टीला गगनबावड्याचा नाहीतर आंबोलीचा घाट. एका गॅरेजवाल्याने त्याला सांगितलंय, इंजिन खोलू, फोर्ज्ड (ओतलेले नव्हे, दाबून-ठोकून घडवलेले) पिस्टन, फोर्ज्ड कनेक्टिंग रॉड आणि मोठा टर्बो बसवू, ३५० हॉर्सपॉवर काढून देतो. आतलं सगळं फोर्ज्ड झालं की कंपनीच्या इंजिनापेक्षा डबल टिकेल. वडील म्हणतात, एवढे पैसे घालायचेच तर ही विक आणि जुनी पण धड असलेली व्हीआरएस, म्हणजे ऑक्टाव्हियाचंच जास्त ताकदीचं मॉडेल, घे. ‘काका, भरवशाच्या बाबतीत बरोबर कोण?’

तुझ्या वापराला वडील बरोबर आहेत. पण ते का बरोबर आहेत हे नीट समजून घे, कारण ‘कंपनीचं ते कंपनीचं’ एवढंच म्हणून हा विषय मिटत नाही. माझं कोल्हापुरात उद्यमनगरात मशीन शॉप आहे. बोअरिंग, होनिंग (सिलिंडरचा बोअर आतून दगडाने घासून मापात आणणं), क्रँक ग्राइंडिंग, हेडचं फेसिंग हे रोजचं काम. ऑइल इंजिन आणि ट्रॅक्टरवर हात बसला, आता पोरं टर्बो गाड्यांचे ब्लॉक घेऊन येतात. बांधून घेतलेली चांगली इंजिनं मी पाहिलीत, आणि नवी कोरी बांधलेली इंजिनं थोड्याच दिवसांत परत टेबलावर आलेलीही पाहिलीत. दोन्हींत पिस्टन बहुतेक वेळा एकाच दर्जाचे होते.

आधी एक गोष्ट ठरवून टाक. टिकाऊ म्हणजे किती? कार्टिंगच्या रोटॅक्स मॅक्स इंजिनाला साधारण ५० तासांनी खोलून पिस्टन-बेरिंग बदलायचं असतं, आणि तरी कार्टवाला त्याला भरवशाचं इंजिन म्हणतो. त्याच्या दृष्टीने ते खरंच आहे. तुझी गाडी मात्र कागलला जाऊन येऊनच दोनेक महिन्यांत तेवढे तास भरते. गॅरेजवाला ज्या इंजिनांच्या जोरावर बोलतोय ती कदाचित रविवारी बाहेर पडणारी असतील. त्याला विचार, तू बांधलेलं कुठलं इंजिन रोजच्या वापरात ५० हजार किलोमीटर गेलंय, आणि त्या मालकाशी बोलणं करून दे. इथेच बरीच बोलणी संपतात.

कंपनीचं काम कसं चालतं बघ. एका डिझाइनची अनेक इंजिनं टेस्ट बेडवर चढवतात आणि पूर्ण लोडवर शेकडो तास पळवतात. उकळत्या पाण्यावर चाललेल्या इंजिनात अचानक गार पाणी सोडतात, परत तापवतात, परत गार करतात, हेडची पॅकिंग आणि बोल्ट दम सोडतात का ते बघायला. गोठवणाऱ्या थंडीत चालू करतात. हलकं पेट्रोल घालून बघतात. मग सगळं खोलून प्रत्येक बेरिंग मोजतात. यातून जे इंजिन बाहेर पडतं ते ऑइल वेळेवर न बदलणाऱ्या, गार इंजिनाला रेस देणाऱ्या, टेम्परेचरच्या काट्याकडे न बघणाऱ्या माणसाच्या हातातही टिकावं असा हिशेब असतो. तुझं बांधलेलं इंजिन जगात एकच असणार. त्याची टेस्ट कागल रोडवर होणार, आणि टेस्ट ड्रायव्हर तूच.

तुझ्याच गाडीचं उदाहरण घे, फार बोलकं आहे. आपल्याकडच्या १.८ टीएसआयला १८० पीएस आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क आहे. हेच इंजिन युरोपात ओल्या क्लचच्या (क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो अशा) गिअरबॉक्ससोबत २८० न्यूटन मीटर देत होतं. मग आपल्याला कमी का? तुझ्या गाडीत ७ स्पीडचा कोरड्या क्लचचा डीक्यू२०० गिअरबॉक्स आहे आणि त्याची मर्यादाच २५० आहे. कंपनीने इंजिनाला लगाम घातला तो गिअरबॉक्ससाठी. व्हीआरएसला त्यांनी २ लिटरचं इंजिन दिलं, २३० पीएस, ३५० न्यूटन मीटर, आणि त्याच्या मागे ओल्या क्लचचा ६ स्पीड डीक्यू२५०. म्हणजे गॅरेजवाल्याचं ३५० हॉर्सपॉवरचं इंजिन समजा दगडासारखं झालं, तरी त्याच्या पहिल्या धक्क्याला क्लच घसरायला लागणार. ते बदललं की ड्राइव्हशाफ्ट, माउंटिंग, ब्रेक. गिअरबॉक्सचं काय, असं त्याला विचारलंस का? तुझ्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही, म्हणून मला शंका येते.

अजून एक बघ. फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआयच्या २ लिटर इंजिनावरून गोल्फ आर केली तेव्हा नुसता मोठा टर्बो लावून गप्प बसले नाहीत. हेड सुधारलं, एक्झॉस्ट वॉल्व, वॉल्वच्या सीट, स्प्रिंग, पिस्टन, इंजेक्टर हे सगळं बदललं. ज्यांनी मूळ इंजिन काढलं, ज्यांच्याकडे त्याची सगळी आकडेवारी आहे, त्यांनाही ताकद वाढवताना एवढं करावं लागलं. तुझ्या कोटेशनमध्ये वॉल्व आणि सीटचा उल्लेख आहे का बघ. मोठ्या टर्बोवर जास्त वेळ लोड राहिला की एक्झॉस्टचं तापमान चढतं, आणि ते आधी सोसावं लागतं वॉल्वला. पिस्टनचा नंबर नंतर येतो.

आता फोर्ज्ड पिस्टन. चांगली वस्तू आहे, मी बसवतो. पण ती काय करते आणि काय करत नाही हे कळायला हवं. फोर्जिंगचे पिस्टन साधारण दोन मिश्रधातूंचे येतात. ४०३२ मध्ये सिलिकॉन भरपूर, तापल्यावर कमी फुगतो. २६१८ मध्ये सिलिकॉन अगदी थोडं, जास्त चिवट, मार खाल्ला तरी तुकडे पडत नाहीत, पण तापला की जास्त फुगतो. म्हणून बोअरमध्ये त्याला जागाही जास्त ठेवावी लागते. तुझ्या ८२.५ मिलिमीटरच्या बोअरला कंपनीचा पिस्टन दीड-दोन थाऊवर (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुखाने चालतो. २६१८ ला तीन थाऊच्या आसपास लागतात, टर्बोला थोडे अजून. मग सकाळी गार इंजिन चालू केलं की पिस्टन बोअरमध्ये डुलतो, टकटक येते, रिंगा नीट टेकत नाहीत, ऑइल थोडं खातो, थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. तापल्यावर सगळं शांत. रेसच्या गाडीला काही फरक पडत नाही, ती तापवूनच पळवतात. तू रोज दोनदा गार इंजिनावर निघतोस, आणि दर वेळी पहिले काही किलोमीटर इंजिन तापायच्या आतच जातात. अशा वापराला कंपनीचा पिस्टन जास्त टिकतो. ‘डबल टिकेल’ हे तुझ्या बाबतीत उलटं आहे. आणि फोर्ज्ड म्हणजे कंपनी वापरतच नाही असंही नाही. होंडाच्या एस२००० मधल्या २ लिटर इंजिनात कारखान्यातूनच फोर्ज्ड पिस्टन होते, टर्बो नसताना जपानी मॉडेलला २५० पीएस, आणि रेडलाइन ९ हजारांची. फरक एवढाच की बाकीचं इंजिन त्या पिस्टनसाठी बेतलेलं होतं.

माझ्या टेबलावर जी मेलेली बांधीव इंजिनं येतात त्यांत पिस्टनच कमजोर होता म्हणून गेलेली क्वचित असतात. ऑइल पोचलं नाही. इंधन कमी पडून मिश्रण पातळ झालं. नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकून आत ठोके बसणं) होत राहिलं आणि कुणाला कळलं नाही. बोल्ट नीट ताणला नव्हता. आत घाण राहिली होती. शेवटची दोन कारणं सर्वांत जास्त, आणि त्यांचा महागड्या पार्टशी काडीचा संबंध नाही.

घाणीबद्दल सांगतो, कारण कोल्हापुरात ओतकामाच्या एवढ्या फाउंड्र्या असल्यामुळे वाळू, चिप्स आणि भुकटी काय करू शकते हे शिरोली-गोकुळ शिरगावच्या पोरांना सांगावं लागत नाही. होनिंग झालं की बोअरच्या रेषांमध्ये दगडाची बारीक भुकटी रुतून बसते. पेट्रोल-रॉकेलने पुसलं की बोअर चकाचक दिसतो आणि भुकटी तिथेच राहते. गरम पाणी, कपडे धुवायची पावडर आणि नायलॉनचा ब्रश, याला पर्याय नाही. ऑइलच्या वाटांचे प्लग काढून आतून लांब ब्रश फिरवायचा. हवा मारून वाळवायचं, लगेच ऑइल लावायचं, मग पांढरं सुती कापड बोअरमध्ये फिरवून उजेडात धरायचं. करडं निघालं की परत धुवायचं. तिसऱ्यांदाही करडं निघतं कधीकधी. संध्याकाळी सात वाजता, गिऱ्हाईक डोक्यावर उभं असताना चौथ्यांदा धुणारा माणूस मिळाला तर त्याला सोडू नकोस. टोयोटासारख्या कंपनीलाही २०२४ साली अमेरिकेत टुंड्रा पिकअप आणि लेक्सस एलएक्स मिळून सुमारे एक लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण मशिनिंगचा कचरा इंजिनात राहून बेरिंग जाण्याचा धोका होता.

दुसरी गोष्ट होनिंगच्या आधीची. ब्लॉक मोकळा असताना बोअर गोल केला, मोजला, काटा हललाही नाही. मग हेड बसवून बोल्ट आवळले की तोच बोअर बोल्टांच्या जवळ आत-बाहेर होतो. म्हणून हेडच्या जागी जाड पोलादी प्लेट ठेवून, खऱ्या बोल्टांनी, खऱ्या टॉर्कला आवळून मग होनिंग करायचं. प्लेट लावलेल्या ब्लॉकमध्ये बोअर गेज सोडून हळूहळू फिरवलं की वरच्या भागात काटा ०.०२ मिलिमीटरपर्यंत इकडून तिकडे जाताना दिसतो. पाव-अर्धा थाऊ क्लिअरन्ससाठी आपण भांडतो आणि नुसते बोल्ट आवळल्याने जवळपास एक थाऊ इकडचा तिकडे होतो! तुझ्या गाडीतल्या इंजिनाचा, म्हणजे ईए८८८ चा, ब्लॉक बिडाचा आहे खरा, पण वजन कमी करायला त्याच्या भिंती ३ मिलिमीटरच्या आसपास पातळ केल्यात. त्या इंजिनाची प्लेट तुझ्या गॅरेजवाल्याच्या मशीन शॉपकडे आहे का? ट्रॅक्टरच्या लाइनरवाल्या इंजिनाला ती लागत नाही, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी नसते.

हाताने बांधलेलं म्हणून कमी, असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. मर्सिडीजच्या एएमजीमध्ये एक माणूस एक इंजिन बांधतो, त्याच्या सहीची पट्टी वर लागते. निस्सान जीटी-आर निघत होती तोवर तिचं इंजिनही योकोहामात एकेक कारागीर हाताने बांधायचा. पण तिथे तो कारागीर नवीन काही ठरवत नाही. क्रँकच्या कुठल्या जर्नलला (बेरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाला) कुठलं बेरिंग, कुठला बोल्ट किती अंशात, हे आधी हजारो तासांच्या चाचणीतून ठरलेलं असतं, आणि तो हात त्या ठरलेल्याला तंतोतंत उतरवतो. आपल्याकडच्या बांधणीत कारागीर आणि डिझायनर एकच माणूस असतो, आणि डिझायनरच्या टोपीखाली तो बऱ्याचदा अंदाजाने चालतो.

कंपनीही चुकते, आणि चुकते तेव्हा मोठी चुकते. २०१४ मध्ये पोर्शने नव्या ९११ जीटी३ च्या ७८५ गाड्या चालवू नका म्हणून मालकांना कळवलं. कनेक्टिंग रॉडचा बोल्ट सैल होऊन रॉड ब्लॉक फोडत होता, दोन गाड्यांना आग लागली. कंपनीने सगळ्यांची इंजिनं बदलून दिली. फोर्ड फोकस आरएसमध्ये दुसऱ्याच गाडीच्या, दिसायला जवळपास तशाच २.३ लिटर इंजिनाची हेड पॅकिंग बसली होती, पाणी सिलिंडरमध्ये जायचं. तीही कंपनीने आपल्या खर्चाने दुरुस्त केली. मुद्दा लक्षात घे, चूक झाली तेव्हा हजारो गाड्यांवरून ती लवकर उघडी पडली आणि बिल कंपनीने भरलं. तुझ्या एकुलत्या एका इंजिनात तसंच काही झालं तर गॅरेजवाला म्हणणार, पेट्रोल खराब होतं, तू ओढली जास्त, आणि मशीन शॉपवाला गॅरेजवाल्याकडे बोट दाखवणार.

पेट्रोलवरून आठवलं. आपल्याच भागातल्या उसाचं इथेनॉल आता पंपावर २० टक्के मिसळून मिळतं. इथेनॉल नॉकिंगला चांगलं दबवतं, त्या बाबतीत टर्बोवाल्यांची मजा आहे. पण साध्या पेट्रोलच्या एका भागाला जळायला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन. मूळ टर्बोवर इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप हे सांभाळून घेतात. मोठ्या टर्बोने आधीच त्यांना काठावर आणलेलं असेल तर वरच्या आरपीएमला पंप संपतो, मिश्रण पातळ होतं, आणि सीटवर बसलेल्याला काहीच कळत नाही, उलट गाडी जोरात ओढते. म्हणून पहाटे हायवेवर लॅपटॉप मांडीवर घेऊन केलेल्या ट्यूनिंगवर माझा विश्वास नाही. डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजायच्या यंत्रावर), रेल प्रेशर म्हणजे इंजेक्टरला मिळणारा इंधनाचा दाब, नॉकमुळे मागे घेतलेलं टायमिंग आणि एक्झॉस्टचं तापमान नोंदवत केलेला मॅप (कंट्रोल युनिटमधली इंजिनाची सेटिंग) असेल तर बोल. आणि तो लॉग तुझ्याकडे पाहिजे, त्याच्या पेनड्राइव्हमध्ये नको.

सगळा मार वरच्या आरपीएमलाच बसतो असंही नाही. रेडलाइन ६५०० वरून ७५०० केली की रॉडच्या बोल्टांवर येणारी ओढ ३३ टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाने चढते. हे लोकांना माहीत असतं. पण १८०० आरपीएमला टर्बो पूर्ण दाबाने भरला, वरचा गिअर आणि घाटाचा चढ, तेव्हा ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा प्रकार थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात होतो. एका झटक्यात पिस्टनची रिंगेची कड उडते किंवा रॉड वाकतो. कंपनीचा मॅप बदलून देणारे रीमॅपवाले नेमका तिथेच टॉर्क वाढवतात, कारण गिऱ्हाईकाला तिथेच ‘पिकअप’ जाणवतो. वैभववाडीकडून करूळ घाटाने गगनबावड्याला चढताना हे सगळं एकत्र येतं: वेग कमी, रेडिएटरला वारा कमी, लोड पूर्ण. मोठ्या टर्बोच्या कुठल्याही गाडीला मी आधी ऑइल कूलर, मोठा इंटरकूलर आणि ऑइलच्या तापमानाचा गेज सांगतो. गिऱ्हाईक आधी एक्झॉस्टचा आवाज मागतं.

एवढं सांगूनही बांधायचंच म्हणालास, तर ते भरवशाचं होऊ शकतं, आकडा खाली आण. ३५० चा हट्ट सोड, गिअरबॉक्स आधी बदल, आणि कंपनीने स्वतः ज्या पार्टवर जास्त ताकदीचं मॉडेल विकलं त्याच पार्टवर थांब. बांधणाऱ्याकडून कागद माग: प्रत्येक बोअरचा वर-मध्ये-खाली आडवा-उभा माप, प्रत्येक जर्नलचं ऑइल क्लिअरन्स, रिंगेचा गॅप, रॉड बोल्टची आवळण्याआधीची आणि नंतरची लांबी. ‘आमच्या हाताला कळतं’ म्हणणाऱ्याकडे तुझा ब्लॉक ठेवू नकोस. पहिलं ऑइल काही शे किलोमीटरवर काढायचं, फिल्टर कापायचा, त्याच्या घड्या उलगडून उन्हात बघायच्या. बारीक चंदेरी चमक थोडी असते. तांबूस कण किंवा नखाला लागणारे तुकडे दिसले तर गाडी तिथेच थांबवायची. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, काही ठरावीक अपवाद सोडले तर आरसीवरची नोंद कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी बदल शोधून काढते.

आणि वडिलांचं ऐकून व्हीआरएस बघायला गेलास तर एक खबरदारी घे. जुन्या व्हीआरएसपैकी बऱ्याच रीमॅप होऊन, झोडपून, मग मूळ मॅप परत टाकून विकायला येतात. कागदावर ती कंपनीची गाडी, आतून मात्र कुणाचा तरी प्रयोग. बघायला जाण्याआधी मालकाला सांग, गाडी रात्रभर बंद ठेवा, मी येऊनच चालू करणार. गार इंजिनावर चेनचा खडखडाट ऐक, थर्मोस्टॅट हाउसिंगच्या खाली वाळलेल्या कूलंटचा डाग आहे का बॅटरी लावून बघ, प्लगच्या भोकातून कॅमेरा सोडून बोअरच्या भिंती बघ. स्कॅनरवाल्याला कंट्रोल युनिट किती वेळा फ्लॅश झालंय, म्हणजे त्यात नवा मॅप किती वेळा टाकलाय, ते काढायला लाव. डीक्यू२५० असेल तर गिअरबॉक्सचं ऑइल-फिल्टर दर ६० हजार किलोमीटरला बदललेल्याची पावती माग. पावती नसेल तर त्या कामाचे पैसे किमतीतून कमी कर, आणि स्कॅनरमध्ये फ्लॅशचा आकडा सर्व्हिसच्या नोंदींशी जुळत नसेल तर दुसरी गाडी बघ.